गुप्तहेरगिरीचं प्रशिक्षण, व्हीआर चष्मा आणि संध्याकाळी सातनंतर पळणारा हात

घोडबंदरवासी | शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी.

दिवाळीला अमेरिकेतला मामेभाऊ आमच्याकडे राहून गेला आणि जाताना स्वतःचा क्वेस्ट २, म्हणजे डोळ्यांवर चढवला की आपण खेळाच्या आतच उभे आहोत असं दाखवणारा व्हीआर चष्मा, माझ्या लेकीसाठी ठेवून गेला. गेले आठ दिवस आमच्या घोडबंदर रोडच्या घरात रोज तासभर एकच खेळ चाललाय. त्याबद्दल कुणाशी तरी सविस्तर बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा धागा.

खेळाचं नाव 'सॅम अँड मॅक्स: धिस टाइम इट्स व्हर्च्युअल'. हॅपीजायंट या कंपनीने बनवलेला, २०२१ च्या जुलैमध्ये क्वेस्टवर आला. सॅम म्हणजे सूट, टाय आणि हॅट घातलेला उंच कुत्रा; बोलणं शांत, वाक्यं लांबलचक. मॅक्स पांढरा, बुटका. ससा म्हणावा तर ससा नाही, दात भलतेच, अंगावर कपडा नाही आणि कधी काय करेल याचा नेम नाही. दोघं स्वतःला 'फ्रीलान्स पोलीस' म्हणवतात. आपण त्यांच्या हाताखालचे शिकाऊ उमेदवार. आणि हे सगळं प्रशिक्षण होतं कुठे, तर बंद पडलेल्या एका जुन्या करमणूक पार्कमध्ये! गंजलेले पाळणे, रंग उडालेले पुतळे, मध्येच अंगावर येणारे चित्रविचित्र राक्षस, बॉम्ब निकामी करायचा धडा. गुप्तहेर व्हायला हे का यायला हवं, असा प्रश्न पडायच्या आत पुढची परीक्षा सुरू होते.

मी लहानपणापासून रहस्यकथा वाचत आलोय. पडद्यावरचे शोधाचे खेळही पुष्कळ खेळलोय. पण तिथे माउस फिरवायचा, बाण जिथे बदलेल तिथे टिचकी मारायची. इथे टेबलाखाली काही आहे का हे बघायचं तर खरंच गुडघे वाकवून टेबलाखाली बघावं लागतं. वस्तू उचलायची, उलटी करायची, डोळ्यांजवळ आणायची. लेकीने दुसऱ्या दिवशी कप उचलून त्याचा तळ बघितला तेव्हा मला फार आनंद झाला. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

विनोदाचंही तेच. नाटकात दिग्दर्शक प्रकाश टाकून सांगतो, आता इकडे बघा. इथे समोरचा विनोदी वाक्य टाकतोय आणि आपण पाठ फिरवून भिंतीवरचं पोस्टर वाचतोय, असं सहज होतं. म्हणजे लिहिणाऱ्याला आपल्या प्रत्येक चाळ्याचा विचार करून ठेवावा लागतो: याने वस्तू फेकली तर, तोंडात घालायला गेला तर, मॅक्सच्या डोक्यावर आपटली तर? मला यातली ही मेहनत सगळ्यात जास्त भावली. चष्म्यातलं दृश्य टीव्हीवर लावता येतं, त्यामुळे आई सोफ्यावरून "अरे, डावीकडे काहीतरी हललं" असं सांगते आणि ते बरोबर असतं.

आता दोन गोष्टी.

एक, असा खेळ मराठीत व्हावा असं मला मनापासून वाटतं. ठाण्यात घडणारा, आपल्या पद्धतीचं प्रशिक्षण असलेला. मी ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, दोन मित्र थ्रीडीचं काम करतात. एका खोलीपुरता, दहा मिनिटांचा तुकडा करून बघायचा विचार पक्का आहे. कल्पना हव्या आहेत.

दोन, एक अडचण. दिवसा सगळं सुरळीत चालतं. संध्याकाळी सात वाजले की चष्म्यात दिसणारा माझा उजवा हात मध्येच सुटतो आणि भलतीकडे जातो. कधी छताला चिकटतो, कधी दोन फूट पुढे जाऊन थरथरतो. मिनिटभराने परत येतो, पुन्हा जातो. चार दिवस डोकं लावलं, कारण सापडलं नाही. कुणाला अनुभव?

सोनचाफा | शनिवार, रात्री ११:२०

छान लिहिलंय! वाशीला मॉलमध्ये एकदा व्हीआरचा पाळणा करून बघितला होता, नंतर अर्धा तास बाकावर डोळे मिटून बसले होते. तेव्हापासून धास्ती आहे. माझ्यासारखीने हा खेळ खेळावा का? खूप इच्छा आहे.

नाडीपरीक्षा | रविवार, सकाळी ८:०५

सोनचाफा, तुमचा त्रास समजण्यासारखा आहे. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, म्हणून थोडं सांगतो.

आपला तोल डोळे, आंतरकर्ण आणि पायाखालची जमीन यांच्या मेळावर चालतो. आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, डोकं वळलं की त्यातला द्रव हलतो आणि मेंदूला कळतं. पाळण्यात डोळे सांगत होते की आपण खाली कोसळतोय, कान सांगत होते की आपण खुर्चीत बसलोय. हा बेबनाव झाला की मळमळतं. कसारा घाटात गाडीत मोबाइल वाचणाऱ्याला याच्या अगदी उलट कारणाने होतं: डोळे स्थिर, कान हलतायत. मूळ भांडण तेच.

म्हणून व्हीआरमध्ये जिथे आपण स्वतःच्या पायाने हलतो, वाकतो, हात लांबवतो तिथे त्रास कमी. जिथे उभ्या जागी ठेवून जग सरकवलं जातं तिथे जास्त. पुष्कळ खेळांत सरकण्याऐवजी एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी घेण्याची सोय असते, आणि वळताना गोल फिरण्याऐवजी ठरावीक अंशांत झटक्याने वळता येतं. या दोन्ही सोयी वापरा. पहिले काही दिवस दहा मिनिटांच्या वर नको. कपाळावर घाम आला, तोंडात लाळ सुटली की लगेच चष्मा काढा. "थोडं सहन करू, सवय होईल" हे मात्र करू नका. मेंदू सवय लावून घेतो, पण ती बरं वाटत असतानाच्या छोट्या बैठकींतून. पंख्याचं वारं तोंडावर येऊ द्या, खरी खोली कुठल्या बाजूला आहे याचं भान राहतं. आलेपाक चघळल्याने काहींना आराम पडतो.

क्वेस्ट २ ला दोन भिंगांमधलं अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन जागी बसतं. घरात माणूस बदलला की ते बदलायला हवं. हे न केल्याने दुखलेली डोकी मी पाहिली आहेत. मुलांसाठी कंपनीची किमान वयोमर्यादा आधी १३ होती, २०२३ मध्ये आईवडिलांच्या परवानगीने १० केली. घोडबंदरवासी, लेक त्यापेक्षा लहान असेल तर थांबा.

घोडबंदरवासी | रविवार, सकाळी ८:४०

धन्यवाद डॉक्टर. लेक ११ वर्षांची आहे. भिंगांचं अंतर मात्र आम्ही बदलत नव्हतो, आजपासून बदलू.

जुना_खेळाडू | रविवार, सकाळी १०:१५

सॅम आणि मॅक्सचं नाव इथे वाचून अंगावर रोमांच आले. १९९४-९५ च्या सुमारास नौपाड्यातल्या मित्राकडे ४८६ कॉम्प्युटर होता, त्याच्यावर आम्ही तिघं एका खुर्चीवर बसून यांचा पहिला खेळ खेळलोय. तो लुकासआर्ट्स या कंपनीने १९९३ मध्ये काढला होता. इंग्रजीतले निम्मे विनोद कळायचे नाहीत, पण काळ्या-पांढऱ्या जुन्या डिसोटो गाडीतून ही जोडी अमेरिकाभर भटकते तेवढ्यावरही आम्ही खूश होतो.

या जोडीचा जन्मच मजेशीर आहे. स्टीव्ह पर्सेल या चित्रकाराच्या धाकट्या भावाने लहानपणी प्राण्यांच्या गुप्तहेरगिरीच्या चित्रकथा काढायला घेतल्या होत्या. तो अर्ध्यात सोडून जायचा आणि स्टीव्ह त्या खोडसाळपणे पुऱ्या करायचा. पात्रं एकमेकांच्या नावाने हाक मारतायत, चालू गोष्टीचीच टर उडवतायत. पुढे भावाने वाढदिवसाची भेट म्हणून दोन्ही पात्रं रीतसर लिहून देऊन टाकली! १९८७ मध्ये पहिलं कॉमिक छापून आलं.

आणि तुमच्या धाग्याशी थेट जुळणारी गोष्ट पुढेच आहे. पर्सेल नंतर लुकासआर्ट्समध्ये लागले. तिथे खेळ बनवायची स्कम नावाची यंत्रणा होती. नव्या प्रोग्रामरांना ती शिकवायला सरावाचं काहीतरी हवं होतं, तर पर्सेलनी सॅम, मॅक्स आणि त्यांचं ऑफिस काढून दिलं. म्हणजे यांचा स्वतःचा खेळ यायच्या आधीच ही जोडी कंपनीतल्या शिकाऊ मंडळींना शिकवत होती. व्हीआरमध्ये ते आता आपल्याला शिकवतायत, हे मला फार गोड वाटतं.

मधली वर्षं वाईट गेली. २००४ च्या मार्चमध्ये नवा खेळ जवळपास तयार होत आला असताना लुकासआर्ट्सने तो रद्द केला. तिथून बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी टेलटेल नावाची कंपनी काढली आणि २००६ पासून हीच जोडी भागा-भागाने परत आणली. २०१८ मध्ये टेलटेलही बुडाली. तरी मूळच्या काही लोकांनी स्कंकेप नावाने एकत्र येऊन २०२० च्या डिसेंबरमध्ये त्या खेळांची नवी आवृत्ती काढलीच. इतक्यांदा मरून परत उठलेली जोडी माझ्या माहितीत दुसरी नाही.

तुमच्या मराठी खेळाला मनापासून शुभेच्छा. एक विनंती: त्यात चूक उत्तर देणाऱ्यालाही काहीतरी मजेशीर मिळू द्या. जुन्या खेळांत आम्ही मुद्दाम चुकीच्या वस्तू एकमेकांवर वापरून बघायचो, त्या उत्तरांसाठीच.

नेरुळकर | रविवार, दुपारी १२:३०

धाग्यातला दुसरा मुद्दा माझ्या आवडीचा. घोडबंदरवासी, एकेक संशयित घेऊ.

क्वेस्ट २ च्या पुढच्या बाजूला चार कॅमेरे आहेत. हातातल्या कंट्रोलरच्या कड्यात इन्फ्रारेड दिवे बसवलेले असतात. आपल्या डोळ्याला ते दिसत नाहीत, कॅमेऱ्यांना दिसतात; त्यांच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून हात कुठे आहे ते कळतं. हात सुटतो म्हणजे नक्षी दिसेनाशी झाली किंवा भलत्याच कशाशी गल्लत झाली.

संशयित १: बॅटरी. प्रत्येक कंट्रोलरमध्ये एक पेन्सिल सेल असतो. बदलून बघा.
संशयित २: आरसा, शोकेसची काच, चकचकीत फरशी. त्यात दिव्यांचं प्रतिबिंब पडतं.
संशयित ३: खोलीत उजेड कमी.
संशयित ४: चष्मा अमेरिकेतला आहे. तिथे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. दिव्यांच्या लुकलुकण्याशी कॅमेरे जुळवून घ्यायला सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी असते. ती ५० वर टाका.

घोडबंदरवासी | रविवार, रात्री ९:४५

आज संध्याकाळ यातच घालवली.

सेल नवे घातले, फरक नाही. दोन कंट्रोलर अदलाबदल करून बघितले, तर डावाही सुटायला लागला. म्हणजे दोष कंट्रोलरचा नाही. शोकेसला चादर लावली, फरक नाही. ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० केली, तरीही फरक नाही.

उजेडाचं मात्र वेगळंच निघालं. सध्या सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेसहाला बाहेर अंधार, घरात दोन्ही ट्यूबलाइट चालू, आणि हात अगदी व्यवस्थित. सातला सुटायला सुरुवात. ट्यूबलाइट त्याच, खोली तीच. म्हणजे अंधार सुटला संशयातून. आणखी एक लक्षात आलं: बाल्कनीकडे तोंड असतानाच होतं. स्वयंपाकघराकडे वळलो की हात परत येतो.

सोनचाफा | रविवार, रात्री ९:५५

सातला काय होतं तुमच्याकडे? आईंची मालिका?

घोडबंदरवासी | रविवार, रात्री १०:००

मालिका साडेसातला. आणि टीव्ही भिंतीवर, बाल्कनीच्या विरुद्ध बाजूला.

दप्तरदार | सोमवार, सकाळी ७:१०

ठाण्याच्या कोर्टात २२ वर्षं फौजदारी वकिली करतोय. धागा दोनदा वाचला. दोन्ही प्रश्नांवर माझं उत्तर एकच आहे: पंचनामा.

आधी मराठी खेळाबद्दल. आपल्या मातीतलं प्रशिक्षण हवं तर भिंग आणि ओव्हरकोट बाजूला ठेवा, शिकाऊ उमेदवाराला पंचनामा लिहायला लावा. घटनास्थळी दोन पंच उभे करायचे आणि जे दिसतंय ते सगळं लिहायचं. काय महत्त्वाचं आहे हे ठरवायचा अधिकार लिहिणाऱ्याला नाही. "एक लोखंडी कपाट, जुने वापरते, राखाडी रंगाचे, उजवे दार अर्धवट उघडे, किं. अं. रु. १५००." मी हजारो पंचनामे वाचलेत. खटले तिथे जिंकले जातात आणि तिथेच हरले जातात. एकदा पंचनाम्यात दार आत उघडतं की बाहेर एवढंच लिहायचं राहिलं होतं, त्यावर तीन तारखा गेल्या. व्हीआरमध्ये तर माणूस खोलीत प्रत्यक्ष उभा असतो, याच्याइतकी चांगली तालीम कुठे मिळणार? आणि गंमतही आपोआप येते. पंच कंटाळलेले असतात, एकाला दूध आणायला जायचं असतं, दुसरा प्रत्येक वस्तूच्या किमतीवरून वाद घालतो. फौजदार म्हणतो पुढे लिहा, आणि उमेदवार मात्र उशीखाली अडकलेला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. ते खेळात घ्याच. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात वही!

ठशांचा एक धडा ठेवा आणि त्यात हे सांगा की जगातला पहिला अंगुलिमुद्रा विभाग १८९७ मध्ये आपल्या कलकत्त्यात सुरू झाला. ठशांच्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याचं नाव मिळालं, पण त्यामागचं किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं. मुलांना ही दोन नावं माहीत व्हायलाच हवीत.

आणि लेकीने विचारलं की मोठेपणी खरंच गुप्तहेर होता येतं का, तर खरं काय ते सांगा. आपल्याकडे खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. खासगी गुप्तहेर संस्थांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. खासगी गुप्तहेराला अटक करता येत नाही, झडती घेता येत नाही, कुणाच्या फोनचे तपशील काढता येत नाहीत. चौकशी करायची, निरीक्षण करायचं, नोंदी ठेवायच्या, एवढंच हातात. पण तेवढं नीट करणारा माणूस दुर्मिळ असतो.

आता तुमचा हात. आज संध्याकाळी सात वाजता हॉलच्या मधोमध उभे राहा, बाल्कनीकडे तोंड करा आणि दिसेल ते सगळं लिहा. "हे काय लिहायचं, हे तर रोजचंच" असं जे वाटेल, ते आधी लिहा.

शब्दसखी | सोमवार, दुपारी ३:००

दप्तरदारांचा प्रतिसाद छापून ठेवावा असा. वाचनखूण साठवली.

मी भाषांतरं करते, त्यामुळे संवादांबद्दल बोलते. सॅम आणि मॅक्सची गंमत दोघांच्या बोलण्याच्या फरकात आहे: एक अघळपघळ, अलंकारिक, दुसरा तोडून टाकणारा. मराठीत हा फरक आपल्याकडे फुकट पडलाय, तो उचला. पंचनाम्याची भाषा बघा: "सदर इसम", "नमूद ठिकाणी", "समक्ष", "येणेप्रमाणे". एक पात्र संपूर्ण खेळभर याच भाषेत बोलू द्या, चहा मागतानाही. "सदर कपात साखर आढळून आली नाही." आणि दुसरं पात्र कळव्याची किंवा कोपरीची आगरी-कोळी बोली बोलणारं, चार शब्दांत विषय संपवणारं असू द्या. फक्त हसं त्या बोलीचं होता कामा नये. शहाणपण तिच्याकडे असावं, गोंधळ कागदी भाषेचा असावा. ठाणं मुळात ज्यांचं गाव, त्यांची बोली खेळात निव्वळ हसण्यापुरती आली तर मला वाईट वाटेल. ती भूमिका त्या समाजातल्या माणसाकडूनच लिहून आणि बोलून घ्या.

इंग्रजी विनोद मराठीत ओढून आणू नका, हे वेगळं सांगायला नकोच. आपल्याकडे जागा काय कमी आहेत? तलावपाळीवर पॅडल बोटींच्या रांगेत उभा असलेला साक्षीदार, जो प्रत्येक प्रश्नाआधी "रांग सोडू नका" म्हणतो. मिसळीच्या रश्श्याने डोळ्यांत पाणी आलेला संशयित, ज्याच्या पाण्याला उमेदवार पश्चात्ताप समजतो. गडकरी रंगायतनमध्ये मेकअप केलेलं पात्र, तीन वेगवेगळ्या वर्णनांत बसणारं.

मी संवाद लिहायला तयार आहे. मोबदला नको, नाव द्या.

घोडबंदरवासी | सोमवार, रात्री ८:२०

शब्दसखी, तुमचं नाव सगळ्यात वर असेल. आगरी बोलीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या टीममधला एक मित्र बाळकुमचाच आहे, त्याची आजी फार सुंदर बोलते. आधी तिला विचारतो.

दप्तरदार, तुम्ही सांगितलंत तसं सात वाजता उभा राहिलो. लेक पंच क्रमांक १, आई पंच क्रमांक २.

पंचनामा. ठिकाण: राहत्या घराचा हॉल, लांबी १४ फूट, रुंदी १० फूट. वेळ सायंकाळी ७:०५ ते ७:३०. पंचांसमक्ष पाहता येणेप्रमाणे आढळून आले:

१) लाकडी टीपॉय, जुना वापरता, भिंतीला सरकवलेला, त्यावर पाण्याचा तांब्या.
२) तीन आसनी सोफा, त्यावर पंच क्र. २ बसलेल्या.
३) सीलिंग फॅन, चालू, वेग ३.
४) ट्यूबलाइट २ नग, दोन्ही चालू.
५) शोकेस, काचेचे, चादरीने झाकलेले.
६) बाल्कनीचे सरकते दार, काचेचे, पूर्ण उघडे. पडदे बाजूला केलेले.
७) बाल्कनीत तुळशीची कुंडी, गेरू लावलेली, शेजारी लग्नासाठी आणलेला ऊस २ नग.
८) कपडे वाळत घालायची दोरी, त्यावर टॉवेल १.
९) बाल्कनीच्या ग्रिलला दिवाळीची दिव्यांची माळ, पांढरी, चालू, अंदाजे २० फूट.
१०) आकाशकंदील, कागदी, चालू.
११) समोरच्या इमारतीच्या खिडक्यांतील दिवे.

किमती पंचांमध्ये एकमत न झाल्याने लिहिलेल्या नाहीत.

तळ्याकाठची | सोमवार, रात्री ८:३५

मी फक्त वाचते इथे, आज पहिल्यांदा लिहितेय. क्रमांक ९. माळ किती वाजता लागते हो तुमच्याकडे?

घोडबंदरवासी | सोमवार, रात्री ८:३८

ती बाबा लावतात. म्हणजे लावत नाहीत, त्यांनी टायमर बसवलाय. धनत्रयोदशीलाच बसवला होता.

थांबा, विचारून येतो.

घोडबंदरवासी | सोमवार, रात्री ८:४१

सात ते अकरा.

नेरुळकर | सोमवार, रात्री ८:४४

सापडला!! तळ्याकाठची, तुम्हाला नमस्कार.

ओळीने टांगलेले बारीक, चमकणारे ठिपके. चष्म्याचा कॅमेरा नेमकं हेच शोधत असतो. त्याच्या दृष्टीने ती माळ आणि कंट्रोलरचं कडं यांत फरक करणं अवघड होऊन बसतं. तुम्ही बाल्कनीकडे वळलात की माळ कॅमेऱ्यात येते आणि हात तिच्याकडे ओढला जातो. स्वयंपाकघराकडे वळलात की माळ मागे जाते. परदेशात ख्रिसमसच्या झाडावरच्या माळांनी असंच होतं. मी काल चार संशयित दिले आणि हा विसरलो. माझ्याच घरी नेरुळला गॅलरीत अजून माळ आहे!

पडदा ओढून बघा. माळ काढायची गरज नाही.

घोडबंदरवासी | सोमवार, रात्री ९:३०

पडदा ओढला. अर्धा तास बाल्कनीकडे तोंड करून खेळलो. हात जागचा हलला नाही. पडदा उघडला, दोन मिनिटांत सुटला. पुन्हा ओढला, पुन्हा ठीक. बॉम्बचा धडा, जो हात थरथरल्यामुळे चार दिवस अडला होता, तो लेकीने आज पहिल्या फटक्यात पार केला. घरात आरडाओरडा झाला, खालच्या मजल्यावरचे काका विचारायला वर आले, तेही आता सोफ्यावर बसलेत.

माळ माझ्या डोळ्यांसमोर रोज होती. पहिल्या दिवशी मी स्वतः स्टुलावर चढून ती बांधली होती.

नाडीपरीक्षा | सोमवार, रात्री ९:५०

अभिनंदन. पडदा ओढलात तरी पंखा चालू ठेवा. एसी लावणार असाल तर भिंगं गार पडून चेहऱ्याच्या उबेने त्यावर वाफ धरते. चष्मा दोन मिनिटं नुसता डोक्यावर ठेवा, मग सुरू करा. आणि दिवसा खेळून झालं की भिंगं उन्हाकडे करून ठेवू नका. बाल्कनीतून कोवळं ऊन आलं तरी भिंगातून एकवटून आतला पडदा कायमचा जळू शकतो.

दप्तरदार | सोमवार, रात्री १०:०५

तळ्याकाठची, तुम्ही माझ्या ऑफिसात यायला हव्यात. २२ वर्षांत असा उलटतपासाचा प्रश्न मी फार कमी वेळा ऐकलाय. एकच, आणि नेमका.

घोडबंदरवासी, तुमच्या खेळातला पहिला धडा तुम्हाला मिळालाय. खोली हीच घ्या.

तळ्याकाठची | सोमवार, रात्री १०:२०

अहो, त्यात काही नाही. आमच्याकडेही टायमर आहे, सातला खट्ट आवाज येतो, म्हणून लक्षात आलं. मी ६८ वर्षांची आहे, मासुंदा तलावाजवळ राहते. मला हा खेळ बसून खेळता येईल का? गुडघे वाकत नाहीत, पण बघायला आवडतं.

नेरुळकर | सोमवार, रात्री १०:३०

चष्म्याच्या सेटिंगमध्ये एका जागी राहून खेळायची सोय आहे, खुर्ची फिरती घ्या. टेबलाखालचं मात्र राहून जाईल. मराठी खेळात बसणाऱ्यासाठी वेगळी सोय हवीच, घोडबंदरवासी, हे लिहून ठेवा. हाताने वस्तू दुरून ओढून घेता आली पाहिजे.

घोडबंदरवासी | सोमवार, रात्री १०:५५

लिहून ठेवलं. तळ्याकाठची, येत्या रविवारी तुमच्या सोयीने चष्मा घेऊन येतो, लेकही येईल. पत्ता व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) पाठवा. तुमच्याकडची माळ सातला लागते, तेव्हा पाचला आलो तर चालेल.

शब्दसखी, खोली ठरली: १४ बाय १०, पंख्याचा वेग ३, सोफ्यावर बसलेल्या पंच. उमेदवाराला संध्याकाळी सातच्या आधी आणि सातनंतर असा दोनदा पंचनामा करायचा, दोन्हीतला फरक शोधायचा. तुम्ही पहिल्या पंचाचे संवाद सुरू करा, मी उद्यापासून हॉल मोजायला घेतो.

आणि एक. बाबांनी आत्ता हा धागा माझ्या मोबाइलवर पूर्ण वाचला. पंचनाम्यात दुरुस्ती सुचवली आहे: अनुक्रमांक ९ मधली माळ २० फूट नसून १० मीटर आहे, खोक्यावर तसं छापलंय, आणि खोकं त्यांनी जपून ठेवलंय. खाली सही करून तारीखही घातली.